पाणी न घालता मळलेलं पीठ

घारग्याच्या पिठात पाणी घालायचं नसतं, हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. हातावर चापट मारून शिकवलं होतं. किसलेलं डांगर गुळात शिजून निवलं होतं, परातीत कणीक पडली होती आणि पीठ काही केल्या गोळा होईना, म्हणून मी तांब्याकडे हात नेला. "ठेव तो तांब्या. सुटतंय त्याचं त्याला पाणी," आई म्हणाली. परात झाकून ठेवली. थोड्या वेळानं झाकण काढलं तेव्हा पीठ इतकं सैल झालं होतं की वरून आणखी मूठभर कणीक लागली.

ती चापट पुढे कितीतरी वर्षांनी आठवली. दिवाळीला आलेली भाची म्हणाली, "मावशी, या डांगराचे स्कोन करू या ना गं." तिच्याजवळ एक परदेशी कृती होती. तीत लिहिल्याप्रमाणे आम्ही एक कप शिजवलेला भोपळा घेतला, मैदा घेतला, मोजूनमापून सगळं केलं. परातीत जे तयार झालं त्याला पीठ म्हणणं अवघड होतं. अंगण सारवायला चाललं असतं. कृती चुकीची नव्हती. त्या कृतीतला भोपळा डब्यातला होता, दाबून पाणी काढलेला, चमच्यावर उभा राहील इतका घट्ट. आमचा कुकरमध्ये वाफवलेला, वर कुकरचं पाणी प्यालेला. घारगा असो की स्कोन, भोपळ्याच्या पिठात खरी अडचण एकच असते आणि ती त्याच्या पोटातल्या पाण्याची.

आधी स्कोन म्हणजे काय ते थोडक्यात. पाव नव्हे, बिस्कीट नव्हे, केकही नव्हे. यीस्ट नाही, अंडं घातलंच पाहिजे असं नाही आणि मळणं तर जवळजवळ नाहीच. छोट्या भाकरीएवढी जाड चकती थापायची, तिचे त्रिकोणी तुकडे करायचे आणि भट्टीत भाजायचे. वरून खरपूस, आतून मऊ आणि भुसभुशीत. इंग्लंडात तो चहाबरोबर मधोमध फोडून साय आणि जॅम लावून खातात. आधी साय की आधी जॅम यावरून डेव्हन आणि कॉर्नवॉल या शेजारी परगण्यांचं भांडण जुनं आहे. आपल्याकडे एकाच पदार्थाला कुणी घारी म्हणतं, कुणी घारगा, आणि भोपळा किसून घ्यायचा की शिजवून कुस्करून यावर दोन जावांत अबोला होऊ शकतो, तेव्हा त्यांना हसायला नको.

आमचं तेलगाव बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात आहे. बीडहून परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरच्या घाटाकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना इथलाच. गाळपाच्या दिवसांत रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते. साखरेच्या पोत्यांचा असा शेजार असूनही घारग्यात साखर कुणी घालत नाही, गूळच घालतात, आणि त्याला सवयीपलीकडचं कारण आहे. ते पुढे येईल.

मृगात उकिरड्याच्या कडेला किंवा कुडाशी टोचलेलं डांगराचं बी पावसाळाभर छपरावर पसरतं आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास फळं पिकतात. पिकल्याची खूण म्हणजे वाळलेला देठ आणि नख रुतणार नाही अशी साल. देठासकट काढलेलं, न खरचटलेलं फळ कोरड्या जागी महिनोन्महिने राहतं. म्हणून ते माळवदाच्या घरात खुंटीला शिंक्यात टांगलेलं किंवा कणगीच्या वर ठेवलेलं असायचं. कोवळ्या फळात पाणी जास्त आणि गोडी कमी. ठेवलेल्या फळात उलट होतं. आतल्या स्टार्चची हळूहळू साखर होते, पाणीही थोडं उडतं. म्हणजे घारग्यासाठी ताज्यापेक्षा दोन महिने ठेवलेलं डांगर अधिक चांगलं. बाजारात कापून ठेवलेली फोड घ्यायची तर गर्द केशरी, आतून चिकट, बियांभोवतीचे धागे दाट असलेली घ्यावी. फिकी, पाणचट फोड भाजीला ठीक आहे.

डांगर हा शब्दही जपून वापरावा लागतो. मराठवाड्यात डांगर म्हणजे लाल भोपळा. पुण्या-कोकणाकडे डांगर म्हणजे उडदाचं पीठ ताकात कालवून केलेलं तोंडीलावणं. काशीफळ आणि गंगाफळ ही आणखी दोन नावं, आणि मला या नावांची फार गंमत वाटते, कारण या फळाचा काशीशी आणि गंगेशी काडीचाही संबंध नव्हता. भोपळ्याचं हे कूळ अमेरिका खंडातलं. मेक्सिकोतल्या ओआहाका भागात गिला नाकित्स नावाची एक गुहा आहे. तिथे सापडलेल्या लागवडीच्या भोपळ्याच्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या ठरल्या आहेत. १४९२ नंतर युरोपीय जहाजांतून हे फळ जगभर फिरलं आणि पोर्तुगीजांच्या काळात मिरची, पेरू, काजू, सीताफळ यांच्यासारखंच आपल्याकडे आलं. भोपळा हा शब्द मात्र आधीपासून इथे होता. तो दुधी भोपळ्याचा. कमंडलू, वीणा, पोहायला शिकताना पाठीला बांधायचा तुंबा हे सगळं त्या जुन्या भोपळ्याचं. नवं फळ आलं, त्याला जुनं नाव दिलं, रंग जोडला, काशी-गंगेचं पुण्य दिलं, आणि शंभर-दोनशे वर्षांत ते इतकं घरचं झालं की म्हातारीला लेकीकडून परत आणणाऱ्या गोष्टीत तेच गडगडत आलं, असं प्रत्येक मुलाला वाटतं. दिल्लीच्या भाजीबाजारात तर लाल भोपळ्याला सीताफल म्हणतात. सीताफळासाठी २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळवलेल्या बीड जिल्ह्यातल्या माणसानं तिथे सीताफळ मागितलं तर पिशवीत काय पडेल याची कल्पना करावी.

अमेरिकेत शरद ऋतूत जे नारिंगी, गोल भोपळे कोरून दारात ठेवतात, ते वेगळ्या जातीचे. खायला ते धागेदार आणि पाणचट. त्यांच्या डब्यातला भोपळा बहुतांशी डिकिन्सन नावाच्या फिकट सालीच्या वाणाचा असतो. त्याची जात आणि आपल्या मंडईतल्या बहुतेक लाल भोपळ्यांची जात एकच, कुकुर्बिटा मोस्काटा. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का चंदन हा वाणही त्याच जातीचा, दोन-तीन किलोंचा. म्हणजे परदेशी कृती वाचून "ते भोपळे वेगळे असतात" असं म्हणून मागे सरण्याचं कारण नाही. फक्त पाणी तेवढं काढायचं.

मसाल्यांची गोष्ट आणखी मजेची आहे. अमेरिकेत दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग असं एकत्र दळून 'भोपळ्याचा मसाला' म्हणून विकतात. मॅकॉर्मिक कंपनीनं तो १९३४ मध्ये बाजारात आणला, आणि २००३ मध्ये स्टारबक्सनं कॉफीत घातल्यापासून त्याचं तिकडे वेडच लागलं. आता घारग्यात आपण काय घालतो? सुंठ, जायफळ, वेलदोडा. सुंठ आपली, वेलदोडा सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचा, जायफळ मुळात इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं, दालचिनी श्रीलंकेची. भोपळा जगाच्या एका टोकाचा, मसाले दुसऱ्या टोकाचे. ज्या जहाजांनी मसाल्यांसाठी समुद्र पालथा घातला, त्याच जहाजांमुळे ही दोन्ही टोकं एका परातीत आली. दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींना न विचारता तीच जोडी जमवली, याचं कारण जिभेवर शोधावं. शिजलेल्या भोपळ्याला गोडी आहे पण धार नाही, आणि मातकट, हिरवट असा एक वास आहे. सुंठीचा तिखटपणा आणि जायफळाचा उष्ण वास त्याला उचलून धरतात.

घारगा हा शब्द भोपळ्यापेक्षा जुना असावा असं मला वाटतं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात घारिका नावाचा तळलेला पदार्थ येतो. तो उडदाचा, वड्याच्या जातीचा. घारी आणि घारगे यांत तोच नाद ऐकू येतो. त्या राजाच्या ताटात लाल भोपळा असणं शक्यच नव्हतं. नाव आधी आलं, भाजी चारशे वर्षांनी येऊन त्या नावात बसली.

आता पाणी. कच्च्या लाल भोपळ्यात शंभरातले नव्वद भाग पाणीच असतं. म्हणजे २०० ग्रॅम किसात १८० ग्रॅम पाणी आणि अवघा २० ग्रॅम बाकीचा ऐवज. हा कीस कढईत झाकण न ठेवता परतत राहिलं आणि वजन १२५ ग्रॅमवर आलं, की ७५ ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलेलं असतं आणि १०५ शिल्लक राहतं. उरलेलं गणित पोळीचं आहे. पाव किलो पिठाला साधारण दीडशे ग्रॅम पाणी लागतं, हे रोज पोळ्या करणाऱ्या हाताला वजनकाट्याशिवाय कळतं. भोपळ्याचे १०५ आणि दोन-तीन चमचे दह्यातलं चाळीस, झालं पीठ. त्या दिवाळीला आम्ही वाफवलेला भोपळा तसाच घातला होता. पाणी दीडपट झालं आणि भ्रमाचा तो भोपळा फुटला.

भोपळा घट्ट करायचे दोन रस्ते आहेत. कीस थेट कढईत परतायचा, किंवा मोठी फोड सालीसकट तव्यावर झाकून मऊ करायची, मग गर चमच्यानं खरवडून पुन्हा परतायचा. कुकर मात्र टाळावा. त्यात पाणी सुटतं आणि वाफेचीही भर पडते. कढईच्या तळाशी उलथनं फिरवल्यावर रेघ उमटून क्षणभर तशीच राहिली, की झालं.

गुळाचं आता सांगते. गूळ किसात पडला की भोपळ्याच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. मीठ लावलेल्या काकडीचं जे होतं तेच. विरघळलेला गूळ मग स्वतःच पातळ होऊन पिठात पाण्यासारखा वागतो. म्हणून घारग्याचं पीठ पहिल्यांदा कोरडं वाटतं आणि झाकून ठेवल्यावर सैल होतं. आईला यातलं रसायन ठाऊक नव्हतं, तिला वेळ ठाऊक होता. साखरेनंही पाणी सुटतं, पण गुळाचे आणखी दोन गुण आहेत. त्यात उसाच्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज थोड्या प्रमाणात असतात. फ्रुक्टोज हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे गुळाचा घारगा दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. आणि या साध्या साखरा लवकर तांबूस होतात. म्हणून घारग्याला तो खमंग विटकरी रंग येतो आणि म्हणूनच तेल कडकडीत तापलं तर घारगा बाहेरून करपून आत कच्चा राहतो. मध्यम आच, आणि पिठाचा कण तेलात टाकल्यावर तो तळाशी जाऊन सावकाश वर यावा. स्कोनलाही हाच नियम. साखरेचा स्कोन ज्या आचेवर सुरेख होतो, तिथे गुळाचा काळवंडतो.

घारगा खुसखुशीत होतो तो मोहनामुळे. कडकडीत तेल पिठात घालून चोळायचं, मग मूठ वळून बघायची. मुटका वळला आणि बोटानं ढकलला की फुटला, तर मोहन बरोबर. यामागचं काम असं चालतं, की तेलाचा पातळ थर पिठाच्या कणांवर बसतो आणि पाणी तिथे नीट पोचत नाही. गव्हातल्या प्रथिनांना पाणी मिळालं आणि मळणं मिळालं की त्यांचे लवचीक धागे होतात. पोळीला ते हवेत, घारग्याला आणि स्कोनला नकोत. म्हणून घारग्यात थोडी तांदळाची पिठीही पडते. तिच्यात असे धागे होतच नाहीत.

स्कोनमध्ये मोहन थंड असतं, आणि हा फरक आमच्या घरी सगळ्यांत उशिरा पटला. गरम तेल सगळ्या पिठाला सारखं लागतं. थंड लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे मात्र पिठात तुकडेच राहतात. भट्टीत गेल्यावर ते वितळतात, त्यांच्या जागी पोकळी राहते, लोण्यातलं पाणी वाफ होऊन ती पोकळी फुगवतं आणि स्कोनला पापुद्रे सुटतात. बाजारातल्या लोण्यात शंभराला पंधरा-सोळा भाग पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतं, म्हणून तुपाचा स्कोन खुसखुशीत होतो पण पापुद्रे कमी सुटतात. चिरोटे करणाऱ्यांना हे सांगायला नको. पोळ्यांच्या मध्ये साटा लावून आपण तेच करतो. स्कोनमध्ये तो साटा सगळ्या पिठात विखुरलेला असतो, एवढंच. लोणी ३२-३५ अंशांना वितळू लागतं. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा हा उद्योग करू नये. करायचाच तर पहाटे, परात फ्रिजमध्ये ठेवून, आणि गोठलेलं लोणी किसणीवर किसून. किसलेलं लोणी पिठात बोटांच्या टोकांनी फिरवायचं. तळहात गरम असतो, तो लावायचा नाही.

फुगण्याचं काम वाफ आणि सोडा या दोघांत विभागलेलं असतं. घारगा फक्त वाफेवर फुगतो. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपट जागा व्यापते. तेलात पडल्यावर वरचा थर लगेच धरतो, आत वाफ कोंडते आणि घारगा टम्म होतो. थापताना कडा फाटली असेल तर तिथून वाफ निसटते आणि तो चपटा राहतो. चपटा घारगाही चवीला तितकाच चांगला लागतो, पुरीसारखा फुगलाच पाहिजे असा आग्रह मला उगाच वाटतो. स्कोन जाड असतो, त्याला वाफ पुरत नाही, म्हणून सोडा. खाण्याचा सोडा आणि आंबट पदार्थ ओले होऊन एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर कोरडं आम्लही असतं. ती पहिल्यांदा चालण्यासारखी केली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्यानं, १८४३ मध्ये. त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं, हे त्याचं कारण. आजच्या पावडरी दोनदा काम करतात, एकदा ओल्या झाल्यावर आणि एकदा तापल्यावर. गूळ आणि दही दोन्ही थोडे आंबट, म्हणून पावडरीशिवाय चिमूटभर सोडाही चालतो. चिमटीहून जास्त झाला तर उरलेला सोडा साबणासारखा लागतो. इथे घारगा आणि स्कोन यांच्या वाटा उलट दिशेला जातात. घारग्याचं पीठ झाकून मुरू द्यायचं. स्कोनचं पीठ भिजलं की लगेच भाजायला घ्यायचं, नाहीतर वायू परातीतच उडून जातो.

"आपल्याकडे ओव्हन कुठंय," असं ऐकलं की मला रोडगे आठवतात. गोवऱ्यांची आग विझत आली, धग उरली, की तिच्यात पुरून भाजलेला जाड कणकेचा गोळा म्हणजे भट्टीचीच भाजणी, वरून-खालून सगळीकडून सारखी. अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या या मुलखाला रोडग्याचा नवस नवा नाही, आणि एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीण भवानीला रोडगाच कबूल करते. कोकणात तवसाचं धोंडस असंच होतं. किसलेली काकडी, रवा, गूळ, खोबरं, पातेल्याच्या खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. भाजीचं पाणी, पीठ, गूळ आणि दोन्हीकडून धग. स्कोनला याहून वेगळं काय लागतं? खुद्द स्कोनही भट्टीचा नव्हेच. स्कॉटलंडात तो लोखंडी तव्यावर भाजला जाई. मोठी गोल चकती आणि तिचे चार तुकडे. घरोघरी भट्ट्या आल्या आणि सोडा आला, त्यानंतर तो उंच आणि फुगीर झाला. त्याचं नाव लेखी सापडतं ते १५१३ मध्ये, गॅविन डग्लस या कवीनं केलेल्या एका लॅटिन महाकाव्याच्या भाषांतरात. भोपळ्याचा स्कोन गाजला तो मात्र ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये. फ्लो ब्येल्के-पीटरसन या बाई १९८१ ते १९९३ सिनेटर होत्या, आणि लोकांच्या लक्षात राहिल्या भोपळ्याच्या स्कोनमुळे. संसदेत बारा वर्षं काढावीत आणि नाव स्वयंपाकघरात राहावं, यात त्यांचा दोष की आपला, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

आमच्या घरी सहाव्या खेपेला जमलेलं प्रमाण देते. दीडशे ग्रॅम मैदा आणि शंभर ग्रॅम कणीक. सगळा मैदा घेतला तर हलका होतो, पण चव पोरकी लागते, आणि सगळी कणीक घेतली तर जड. त्यात अडीच चहाचे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा, एक चमचा दालचिनी, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा किसलेलं जायफळ, एका लवंगेची पूड. सगळं दोनदा चाळायचं. लोणी ६० ग्रॅम, किसून. ते खारं असेल तर वेगळं मीठ नको. पन्नास ग्रॅम गूळ बारीक किसून आटवलेल्या भोपळ्यात तो कोमट असतानाच विरघळवायचा आणि मग पूर्ण गार करायचा. गरम घातला तर सगळ्या लोण्याचं मातेरं होतं. भोपळा २०० चा १२५ झालेला हवा. दही तीन मोठे चमचे, पण आधी दोनच घालायचे. सुरीनं किंवा उलथन्यानं कालवायचं, हातानं फक्त गोळा करायचा. गुळगुळीत झाला तर बिघडला असं समजावं. बोटभर जाड थापायचा, घडी घालून पुन्हा थापायचा, आठ तुकडे करायचे. सुरी सरळ खाली दाबायची. मागेपुढे ओढली तर कडा लिंपल्या जातात आणि तिथून पापुद्रे सुटत नाहीत.

छोटा ओव्हन असेल तर १९० अंश आणि १८ मिनिटं. नसेल तर जुन्या जाड बुडाच्या कढईत बोटभर मीठ पसरून, झाकण ठेवून, दहा मिनिटं तापवायची. आत तिवई, तिवईवर तूप लावलेलं ताट, ताटात तुकडे सुटे ठेवून मंद ते मध्यम आचेवर पंचवीस मिनिटं. रिकामा कुकर तापवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, मला तो पटत नाही. कढईत वरून धग कमी पडते, म्हणून माथा फिका राहतो. शेवटी तुकडे तव्यावर उलटे करून मिनिटभर ठेवले की रंग येतो. आणि सगळ्यांत सोपा रस्ता स्कॉटिश: अर्ध्या बोटाची चकती थापून, चार तुकडे करून, बिडाच्या तव्यावर अगदी मंद आचेवर झाकून एका बाजूनं सात-आठ मिनिटं, मग दुसऱ्या. आमच्याकडे वीज गेली होती त्या दिवशी हेच केलं, आणि भाचीचं मत असं पडलं की ओव्हनपेक्षा हेच बरे. मला ते दशमीसारखे लागले.

खाताना सायीसाठी अडून राहू नये. घरचं पांढरं लोणी फोडलेल्या स्कोनवर लावलं की पुरे. भोपळ्याला केशरी रंग देणारं कॅरोटीन शरीरात शिरायला स्निग्धाची मदत लागतेच, त्यामुळे लोण्याबद्दल अपराधी वाटायचंही कारण नाही. तळलेल्या घारग्याला ती मदत आपोआप मिळालेली असते.

टिकण्यात मात्र घारगा जिंकतो. स्कोन सकाळी केला तर संध्याकाळपर्यंत चांगला, दुसऱ्या दिवशी कोरडा. भाजलेल्या पिठातला स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट बसू लागतो आणि पदार्थ शिळा लागतो. घारग्यातही हे होतं, पण तळताना त्याचं वरचं पाणी उडालेलं असतं, तेलाचा थर बसलेला असतो आणि आत गुळानं ओल धरून ठेवलेली असते, त्यामुळे तीन-चार दिवस काही बिघडत नाही. ज्या जिल्ह्यातून दसरा झाला की माणसं घरदार मागे ठेवून सहा महिने ऊसतोडीला लांब जातात, तिथे दशमी, धपाटे, घारगे अशा टिकाऊ खाण्याला मान असणारच. स्कोन त्या गाठोड्यात टिकला नसता. उरलेला स्कोन सकाळी तव्यावर झाकून दोन मिनिटं गरम केला की स्टार्च पुन्हा सैल होतो आणि तो चहापुरता परत मऊ होतो. तेवढं झालं की लगेच खायचा, कारण दुसऱ्यांदा गार झाला तर मग तो गाईपुढेच टाकावा लागतो.